शिट्टीत साठवलेले खेळ

(ध्वनी : आधी एकाच सुरातली सलग शिट्टी, मग किरटा, खरखरीत आवाज. पंधरा सेकंद.)

नमस्कार, श्रोतेहो. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही आणि स्टेशनही सरकलेलं नाही. आत्ता जे ऐकलंत, तो एका चित्राचा तुकडा होता. कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचं सुरुवातीचं चित्र, आवाजाच्या रूपात कॅसेटवर भरलेलं.

तुमच्यापैकी जे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना लहानपणचे असे खेळ म्हटल्यावर टीव्हीला जोडायचा डबा आणि उड्या मारणारा मारिओ आठवेल. त्या डब्यात जे खुपसायचं त्यालाही आपण कॅसेटच म्हणायचो. मी बोलणार आहे त्याआधीच्या खेळांबद्दल. तेव्हाची कॅसेट ही खरोखरची कॅसेट होती, जिच्यावर घरात नाट्यगीतं लागायची तीच. आणि कॉम्प्युटर होता झेडएक्स स्पेक्ट्रम.

एप्रिल 1982 मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं तो ब्रिटनमध्ये आणला. एखाद्या वहीएवढा काळा डबा, करड्या रबरी कळा आणि उजव्या कोपऱ्यात चार रंगांचा तिरपा पट्टा. 16 केबी स्मृतीचा 125 पौंडांना, 48 केबीचा 175 पौंडांना. तो इतका स्वस्त होता याचं कारण असं, की घरात आधीच असलेल्या वस्तू कंपनीनं पुन्हा विकल्या नाहीत. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. प्रोग्रॅम ठेवायला घरचा टेपरेकॉर्डर. या काटकसरीमुळेच खेळांना आवाजाचं रूप घ्यावं लागलं. टेपरेकॉर्डरला दुसरं काही ठेवताच येत नाही.

ते कसं चालायचं ते सांगते, कारण मला त्यात अजूनही नवल वाटतं. कॉम्प्युटरची सगळी माहिती शून्य आणि एक या दोन खुणांत असते, हे आपण ऐकून असतो. स्पेक्ट्रम शून्यासाठी आवाजाचं एक छोटं आवर्तन, म्हणजे एक लहर, टेपवर भरायचा आणि एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचं. परत वाचताना तो आवाजाकडे आवाज म्हणून बघायचाच नाही, प्रत्येक आवर्तन किती लांब आहे एवढंच मोजायचा. सेकंदाला साधारण तेराशे-चौदाशे खुणा. 48 केबीचा अख्खा खेळ आत जायला पाच मिनिटं लागायची.

ती पाच मिनिटं कुणी रिकामी समजू नयेत. कॉम्प्युटरवर ‘लोड’ची आज्ञा द्यायची. तिला अक्षरं टाइप करावी लागत नसत, इंग्रजी ‘J’ या एका कळीत अख्खा शब्द असायचा. मग टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं. सुरुवातीच्या सलग शिट्टीबरोबर टीव्हीच्या कडेनं लाल आणि आकाशी पट्टे सरकू लागायचे. माहिती सुरू झाली की पट्टे निळे-पिवळे आणि बारीक व्हायचे. मधोमध चित्र उमटायला लागायचं, पण ते वरून खाली सरळ उतरत नसे. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात आधी दर आठवी रेघ, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. काय आहे ते कळायच्या आत डोळे अंदाज बांधायला लागायचे: हा डोंगर दिसतोय, नाही, हा तर माणसाचा खांदा. सगळं चित्र काळ्या-पांढऱ्यात पुरं झालं की शेवटच्या काही सेकंदांत रंग भरले जायचे, रांगोळीत आधी रेघा आणि मग रंग यावेत तसे. आठ खुणांचा एक बाइट, आणि या चित्राचे होते 6912 बाइट्स. त्यातले रंगांचे फक्त 768.

माझ्या मामेभावाकडे स्पेक्ट्रम होता, मामांनी मस्कतहून आणलेला. खेळ लोड होत असताना आमच्यापैकी कुणीही बोलायचं नाही असा दंडक होता. बोलण्यानं टेपला काही होत नाही हे आम्हांला पक्कं माहीत होतं, तरी पाळायचो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात चूक निघाली तर पडद्याच्या तळाशी एक ओळ यायची, टेप लोडिंग एरर, आणि सगळं पहिल्यापासून. मग दादा एक बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपरेकॉर्डरच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू किंचित फिरवायचा आणि शिट्टी ज्या ठिकाणी सर्वांत धारदार ऐकू येईल तिथे थांबायचा. खेळ नीट भरला जातोय की नाही हे त्याला पडद्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगता यायचं.

आता प्रत्यक्ष खेळांकडे येते. 1983 मध्ये मॅथ्यू स्मिथ नावाच्या इंग्लंडमधल्या एका किशोरानं ‘मॅनिक मायनर’ लिहिला. विली नावाचा खाणकामगार, एकामागून एक वीस गुहा, प्रत्येक गुहेत चकाकणाऱ्या वस्तू गोळा करायच्या आणि हवा संपायच्या आत बाहेर पडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण उडी कुठून मारली याचा फरक एका पावलाचा पडला तरी विली गेला. मला या खेळाबद्दल सर्वांत जास्त आदर आहे तो त्याच्या संगीतासाठी. स्पेक्ट्रममध्ये आवाजासाठी वेगळी चिप नव्हती. एक छोटा स्पीकर, त्याचा पडदा पुढे ढकलायचा किंवा मागे घ्यायचा, आणि तेही मुख्य प्रोसेसरनं स्वतः करायचं. म्हणजे सूर वाजवत बसलं की खेळ थांबणार. स्मिथनं खेळाच्या दोन हालचालींमधल्या फटीत सुराचा एकेक कण बसवला. नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याची एक प्रसिद्ध धून विलीच्या पायाखाली अखंड वाजत राहिली. थोडी घोगरी, थोडी अडखळती, पण खेळाच्या बरोबरीनं.

पुढच्या वर्षी त्याचाच ‘जेट सेट विली’ आला. आता विली श्रीमंत झालेला, त्याच्याकडे प्रचंड वाडा, आणि मोठ्या मेजवानीनंतरचा पसारा आवरल्याशिवाय घरची कारभारीण त्याला झोपू देईना. या खेळात एक दोष राहून गेला होता. वाड्याच्या माळ्यावर एकदा पाऊल टाकलं की नंतर काही खोल्यांत शिरताच विली मरायचा, त्यामुळे खेळ पूर्ण करणंच अशक्य. माळ्यावरचा एक बाण पडद्याच्या हद्दीबाहेर उडत राहायचा आणि जाता जाता दुसऱ्या खोल्यांची माहिती पुसून टाकायचा. प्रकाशकांनी आधी हे मुद्दामच केलंय असं सांगितलं. पुढे दुरुस्ती छापून आली: स्मृतीतल्या अमुक जागी अमुक आकडा घाला. याला ‘पोक’ म्हणायचे. दहा-बारा वर्षांची मुलं असे पोक वहीत उतरवून घ्यायची आणि मशीनच्या पोटात हात घालून दुसऱ्यानं लिहिलेला खेळ दुरुस्त करायची. आजच्या फोनवर खेळणाऱ्या मुलाला ही मुभा नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्पेक्ट्रमची एक मर्यादा तर बघताक्षणी कळायची. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात फक्त दोन रंग. लाल शत्रूजवळून पांढरा नायक गेला की दोघांचे रंग एकमेकांत मिसळायचे. म्हणून त्या काळातले किती तरी खेळ काळ्या पार्श्वभूमीवर घडतात.

आपल्याकडच्या काही श्रोत्यांना स्पेक्ट्रमपेक्षा दुसरं एक मशीन जवळचं वाटेल, बीबीसी मायक्रो. केंद्र सरकारनं 1984 मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली, आणि त्यातून ही मशीन्स देशातल्या निवडक शाळांत आली. चपला बाहेर काढायच्या, वातानुकूलित खोलीत रांगेनं शिरायचं. ज्या मशीनला आपण इतक्या अदबीनं हात लावायचो, त्याच मशीनवर त्याच वर्षी केंब्रिजमधल्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलीट’ तयार केला. अवकाशयान, शंभर क्रेडिट्स, आणि व्यापार करत जायला आठ दीर्घिका. प्रत्येकीत 256 ग्रह, म्हणजे एकूण 2048. प्रत्येक ग्रहाला नाव, राज्यपद्धती, बाजारभाव. मशीनची स्मृती मात्र 32 केबी, आणि त्यातली बरीच पडद्यावरच खर्च व्हायची. मग एवढे ग्रह ठेवले कुठे? कुठेच नाही. सहा बाइट्सचं एक बीज, आणि आधीच्या संख्यांची बेरीज करत पुढची संख्या काढायची रीत. त्या बीजातून ग्रह दर वेळी नव्यानं, आणि दर वेळी तेच, उगवायचे. दीर्घिकांची संख्या कितीही वाढवता आली असती. आठवर थांबा, एवढा पसारा खेळणाऱ्याला कृत्रिम वाटेल, असं प्रकाशकांनीच सुचवलं.

रेडिओवर बोलते आहे, तर पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खेळ जर आवाजच असेल, तर तो रेडिओवरून का पाठवू नये? लोकांनी पाठवला. नेदरलँड्समध्ये ‘हॉबीस्कोप’ या कार्यक्रमातून कॉम्प्युटर प्रोग्रॅम प्रसारित व्हायचे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन्सना ते समजावेत म्हणून ‘बेसिकोड’ नावाची एक सामाईक पद्धत तिथे तयार झाली. आणि बेलग्रेडमध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, झोरान मोदली हे निवेदक ‘व्हेंटिलेटर 202’ या कार्यक्रमात श्रोत्यांना सांगायचे, की टेपरेकॉर्डर तयार ठेवा. मग अशीच शिट्टी आणि खरखर. श्रोते ती टेप करून घ्यायचे आणि कॉम्प्युटरला ऐकवायचे. एका प्रसारणात शहरभर खेळ पोचला!

तिथे परदेशी वस्तू आणण्यावर किमतीची इतकी कडक मर्यादा होती की स्पेक्ट्रम कायदेशीरपणे आणणं अवघड. म्हणून वोया आंतोनिच यांनी ‘गालाक्सिया’ नावाचा, घरी जोडता येईल असा कॉम्प्युटर रचला आणि त्याचा सगळा आराखडा एका मासिकाच्या खास अंकात छापून टाकला. आठ हजारांहून जास्त लोकांनी तो मागवला किंवा जोडला. आयात परवाने आणि सीमाशुल्क या गोष्टी आपल्यालाही परक्या नव्हत्या. आपल्याकडे नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणानंतर दारं थोडी उघडली. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनं रीतसर परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला. काही घरी तो आला, काही घरी मामांसारख्या कुणीतरी आखातातून किंवा इंग्लंडहून आणला.

आणि आता ज्यासाठी मी आज बोलायला बसले ते. ‘मॅनिक मायनर’ आणि ‘एलीट’ हरवणार नाहीत. जगभरच्या हौशी लोकांनी अशा हजारो कॅसेटी उतरवून घेतल्या आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर ते ब्राउझरमध्येच खेळता येतात. 2024 मध्ये तर रबरी कळांचा स्पेक्ट्रम 48 खेळांसह नव्यानं बाजारात आला. पण तेव्हाचं मूळ मशीन सुरू केलं की पहिल्यांदा खेळ यायचा नाही. कोऱ्या पडद्यावर तुम्ही काय लिहिता याची ते वाट बघायचं. म्हणून ज्या घरात ते होतं त्या घरात कुणी ना कुणी काही ना काही लिहिलं. मासिकातून टाइप केलेला साप-मुंगसाचा खेळ, त्यात स्वतः केलेले बदल, धाकट्या बहिणीसाठी पाढे विचारणारा प्रोग्रॅम, एखादा क्रिकेटचा सामना. हे जगात कुठेच दुसऱ्या प्रतीत नाही. नाशिकच्या, साताऱ्याच्या, मडगावच्या कपाटात भजनांच्या कॅसेटींमध्ये ते पडलेलं असेल, आणि टेपवरचा चुंबकीय थर झिजत चालला आहे.

तेव्हा आज-उद्या कपाट उघडा. कॅसेट लावल्यावर शिट्टी आणि खरखर ऐकू आली तर ती खराब झाली असं समजून टाकू नका आणि तिच्यावर दुसरं काही भरू नका. कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही पुसली जाणार नाही. वाजवण्याआधी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. टेपरेकॉर्डरवर खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवा. हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडा आणि आवाज वेव्ह फाइलमध्ये भरा, एमपी3 मध्ये नको. एमपी3 माणसाच्या कानासाठी बनलेलं आहे, ते फाइल लहान करताना लहरींचा आकार बदलतं, आणि इथे सगळा अर्थ आवर्तनांच्या लांबीत आहे. आवाज फार मोठा ठेवू नका, फाटता कामा नये. लेबलवर जे लिहिलंय ते, अगदी खोडलेलं नावसुद्धा, तसंच फाइलच्या नावात उतरवा. मग ती फाइल स्पेक्ट्रमच्या एखाद्या इम्युलेटरला, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, देऊन बघा, त्यातले काही थेट आवाज वाचतात. पहिल्यांदा चाललं नाही तर हेडचा स्क्रू अगदी किंचित फिरवून पुन्हा भरा, नाहीतर दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरून बघा. आणि ज्या मुलानं किंवा मुलीनं तो प्रोग्रॅम लिहिला ती व्यक्ती आज पन्नाशीत असेल. तिला विचारून घ्या, की कोणती कळ दाबल्यावर काय होतं, कारण ते बहुधा कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. नमस्कार.