सहा मिनिटांचा पाठ

चर्चगेटला उतरणाऱ्या सकाळच्या गर्दीत एका तरुणीच्या हातात गुंडाळलेला तक्ता आहे. तो चुरगळू नये म्हणून लोकलमध्ये तिने तो डोक्यावर धरून आणला. ती छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षिका होण्यासाठी शिकणारी विद्यार्थिनी आहे. स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर असलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पी.व्ही.डी.टी. शिक्षणशास्त्र महाविद्यालयात आज तिचा पाठ आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात हे विद्यापीठ स्थापन केले, ते स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावे या आग्रहाने. १९३६ मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईत आले. येथे शिक्षणशास्त्रात बी.एड. आणि एम.एड. करता येते, तर जुहूच्या आवारात दिव्यांग मुलांच्या शिक्षकांसाठी विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे.

बी.एड.साठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एका वर्षाचा हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. खर्च वाढल्याची तक्रार रास्त आहे, तरीही शिकवायला शिकण्यासाठी एवढा अवधी लागतोच, हे सूक्ष्म अध्यापनाच्या वर्गात बसले की पटते.

तेथे एका वेळी एकाच कौशल्याचा सराव होतो. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण म्हणजे पाठावरचा अभिप्राय, बारा मिनिटांत पाठाचे नवे टाचण, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे हे चक्र आहे. आज प्रश्न कौशल्य आहे. विद्यार्थिनी म्हणून बसलेल्या मैत्रिणींना भरती-ओहोटी शिकवताना तिने ‘समजलं ना?’ एवढेच पुन्हापुन्हा विचारले, आणि मागे बसलेल्या मैत्रिणीने निरीक्षण तक्त्यावर त्या प्रत्येक वेळेची खूण केली. त्या खुणा पाहून तिने टाचण बदलले. दुसऱ्या फेरीत तिचा पहिलाच प्रश्न होता, “भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला, तर दादरच्या हिंदमात्याला पाणी का तुंबतं?”

हाच प्रश्न घेऊन ती आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला शाळेत जाईल. दोन्ही वर्षे मिळून वीस आठवडे, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी, खऱ्या वर्गासमोर उभे राहायचे असते. तेथे पुढ्यात मैत्रिणी नसतात, मुले असतात.

तिच्या टाचणाच्या समासात मार्गदर्शक प्राध्यापिकांनी लाल शाईने लिहिले आहे: “प्रश्न चांगला. उत्तर स्वतः देऊ नका, थोडं थांबा.”