दोन पानांचे मत

(दृश्य: गोव्यातल्या सासष्टीतली एक इगर्ज, म्हणजे चर्च. रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, सुटते आहे.)

मिस्सा संपली तरी माणसे लगेच घरी जात नाहीत. पायऱ्यांवर रेंगाळतात. आखातातला मुलगा कधी येणार, यंदा आंबा कसा आहे, आणि निवडणूक जवळ आली असेल तर यावेळी कोण उभा आहे. बाहेरून आलेला पत्रकार मात्र इथे एकच प्रश्न घेऊन येतो: ख्रिस्ती मते कुणाला? जणू सगळ्या घरांचे मत इगर्जीच्या वेदीवर ठरते. गोव्यात हा प्रश्न गेली साठ वर्षे विचारला जातो आहे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रे. मांडवीचा काठ.)

डिसेंबर 1963. पोर्तुगीज जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. गोव्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत एका बाजूला दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो), निशाणी सिंह. दुसऱ्या बाजूला डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स (युगो), निशाणी हात. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे मगोचे म्हणणे, वेगळा राहावा असे युगोचे. मगोला बहुजन हिंदू समाजाने उचलून धरले, युगोच्या मागे बहुतेक कॅथलिक उभे राहिले. काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही.

ही विभागणी धर्माची दिसते, पण तिच्या मुळाशी जमीन होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत झोपडी बांधून राहणारा मुंडकार, दुसऱ्याच्या शेतात राबणारे कूळ, ज्यांच्या पोरांना शाळा माहीत नव्हती, त्यांना बांदोडकर आपले वाटले. आणि भाटकार ख्रिस्तीही होते, हिंदूही होते. बांदोडकरांच्या पहिल्या मंत्रिमंडळात टोनी फर्नांडिस होते, हेही आपण विसरतो.

मग कॅथलिक युगोकडे का गेले? पाद्रींनी सांगितले म्हणून, हे उत्तर मला कधीच पटले नाही. भीती रोजच्या जगण्याची होती. गोवा महाराष्ट्रात गेला तर आपली कोंकणी, रोमी (रोमन) लिपीतली प्रार्थना, तियात्र हे कोंकणी नाटक यांचे काय होणार? महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा. माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेराने काय करायचे? एवढ्या मोठ्या राज्यात आपल्या मूठभर मतांना कोण विचारणार? यातला एकही प्रश्न धर्मशास्त्रातला नाही.

(दृश्य: मतपत्रिकेवरच्या दोन खुणा. फूल आणि दोन पाने.)

16 जानेवारी 1967. जनमत कौलाचा दिवस. विलीनीकरण हवे असेल तर फूल, गोवा वेगळा राहावा असे वाटत असेल तर दोन पाने. प्रचार निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचे सरकार आधीच पायउतार झाले होते. मुंबईत धोबीतलावच्या कूडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणाऱ्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या गोंयकारांना मात्र या कौलात मत नव्हते.

फुलाला 1,38,170 मते पडली. दोन पानांना 1,72,191.

महाराष्ट्रात अनेकांनी तेव्हा म्हटले, आणि काही जण आजही म्हणतात, की ख्रिश्चनांनी विलीनीकरण हाणून पाडले. हिशेब करून पाहा. कॅथलिक लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. दोन पानांना मते पंचावन्न टक्क्यांच्या वर. हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही. आणि विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत प्रखर लेखन कुठल्या भाषेत झाले? मराठीत. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत होते. मराठी माणूस म्हणून मला हे सांगताना संकोच वाटत नाही. उलट ते लपवले गेले, याचे वाईट वाटते.

अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. मगो 16, युगो 12. ज्या गोव्याने बांदोडकरांचे विलीनीकरण नाकारले, त्याच गोव्याने बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले.

(दृश्य: कुठ्ठाळीचा किनारा. रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणारे हात.)

युगो पुढे फुटला, विरून गेला. कॅथलिक मते बरीच वर्षे काँग्रेसची मानली गेली. मग 2012 आले. रापणकारांच्या लढ्यात आयुष्य घालवलेले माथानी साल्ढाणा भाजपच्या तिकिटावर कुठ्ठाळीतून निवडून आले, मंत्री झाले, आणि त्याच महिन्यात वारले. त्या वर्षी भाजपच्या 21 आमदारांत 6 कॅथलिक होते. 2017 मध्ये 13 आमदारांत 7, म्हणजे निम्म्याहून जास्त. दिल्लीत बसून हे कोडे सुटत नाही. कुठ्ठाळीत, कळंगुटमध्ये, म्हापशात फिरलात तर सुटते: तिथे माणूस उमेदवाराला ओळखतो, त्याच्या बापाला ओळखतो, आणि अडीअडचणीला कोण धावून येतो हेही जाणतो.

(दृश्य: बांबोळीचा फुलांचो खुरीस, म्हणजे क्रूस. हमरस्त्यालगत पेटलेल्या मेणबत्त्या.)

बांबोळीच्या या खुरसापाशी हिंदूही गाडी थांबवतात. जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, इथे, आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली: निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. त्यांतले 11 निवडून आले. 14 सप्टेंबरला 8 जण भाजपमध्ये गेले. चार हिंदू, चार ख्रिस्ती.