जांभळा रंग ओसरताना

ओहोटीनंतर हे तपकिरी शैवाल कित्येक तास खडकांवर उघडे पडून राहते. बोटांना जाणवणारा त्याचा बुळबुळीतपणा आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद त्याच्या पेशीभित्तिकेतील बहुशर्करांमधून, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्यांमधून येते. त्यांपैकीच फ्यूकॉइडन वेगळे करून ते मुक्त मूलकांना किती शमवते हे येथे तपासायचे आहे.

वाळवून दळलेली पूड आता पाणी मिसळलेल्या मद्यार्कात भिजते आहे. द्रावणाला चढणारा हा हिरवट-तपकिरी रंग रंगद्रव्यांचा आहे. त्यांच्यासोबत फ्लोरोटॅनिन नावाच्या पॉलिफिनॉलांचाही बराच भाग निघून जातो. ही पायरी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि ती घाईने उरकली तर पुढे हाती येणाऱ्या कोणत्याही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

गाळून उरलेला चोथा सौम्य आम्लाच्या गरम पाण्यात ठेवल्यावर फ्यूकॉइडन आणि लॅमिनारिन त्यात उतरतात. चुकून आलेले अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइड घालताच साक्याच्या रूपाने वेगळे होते. मग स्वच्छ अर्कात मद्यार्क ओतला जातो, आणि पाहता पाहता हे पांढुरके तंतू आकार घेतात: फ्यूकॉइडन. स्वीडनच्या हॅराल्ड किलिन यांनी 1913 मध्ये ते प्रथम वेगळे केले. फ्यूकोज ही त्यातील प्रमुख शर्करा. तिला सल्फेट गट जोडलेले असतात, शिवाय गॅलॅक्टोज, झायलोज, मॅनोज यांचे प्रमाण जातीनुसार आणि ऋतूनुसार बदलते. अवरक्त आलेखावर 1240 प्रति सेंटिमीटरच्या आसपास उठलेले हे शिखर सल्फेटचेच आहे. अल्जिनेटमध्ये मात्र सल्फेट नसते; ते मॅन्युरॉनिक आणि गुलुरॉनिक या दोन आम्लांच्या साखळीचे बनलेले असते, तर लॅमिनारिन ही ग्लुकोजची साठवण आहे.

आता डीपीपीएच चाचणी, म्हणजे मुक्त मूलकांना (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंना) नमुना किती शमवतो याची परीक्षा. मुक्त मूलकांचे हे गडद जांभळे द्रावण नमुना मिसळताच पिवळसर होऊ लागते आणि 517 नॅनोमीटरवर शोषण उतरते. अनेक प्रयोगांत सल्फेट अधिक आणि रेणू आखूड असलेले अंश अधिक प्रभावी ठरले आहेत. परंतु हा रंग बहुशर्करेने उतरवला की तिला चिकटून राहिलेल्या फ्लोरोटॅनिनने, हे नमुन्यातील पॉलिफिनॉल मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते न मोजता केलेला दावा आम्ही अपुरा मानतो. शरीरात हे मोठे रेणू आतड्यातून फारच थोडे शोषले जातात, त्यामुळे परीक्षानळीतील निकाल औषधाचा पुरावा ठरत नाही.

शेजारच्या नळीत तोच नमुना आहे, फ्लोरोटॅनिन काढून टाकलेला. तिचा जांभळा रंग अजून टिकून आहे.