‘प्रभूनं मला सांगितलं’ असं कुणी म्हटलं, की आपण काय करायचं?

जय ख्रिस्त, मंडळी!

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. मी बावीस वर्षांचा होतो. उपवास-प्रार्थनेला बाहेरगावहून एक सेवक आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बेटा, प्रभू म्हणतो, ही नोकरी सोड.” अंगावर सर्रकन काटा आला. सोमवारी मी राजीनामा देऊन मोकळा! घरी आलो तर आई भाकरी थापत होती. तिला सांगितलं. तिनं मान वर न करता विचारलं, “निरोप तुझा होता, तर त्यांच्याकडे कशाला दिला? तुझा पत्ता प्रभूला ठाऊक नाही होय?”

मी तिला अल्पविश्वासी म्हणालो. पुढचे अकरा महिने आमचं घर त्या अल्पविश्वासी बाईच्या शिवणयंत्रावर चाललं.

तर आजचा विषय आहे आत्मिक प्रौढपणा, आणि त्याच्यासोबत येणारी पारख.

बायबलमधलं इब्री लोकांस पत्र उघडा, पाचव्या अध्यायाचा शेवट. लेखक चांगलाच वैतागलेला आहे. एवढ्या काळात तुम्ही दुसऱ्यांना शिकवायला हवं होतं, तो म्हणतो, आणि तुम्हाला अजून दूधच लागतंय. जड अन्न प्रौढांसाठी असतं. आणि प्रौढ कोण? चांगलं-वाईट ओळखण्याचा ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना सराव झालाय, ते. या ‘सराव’साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याच कुळातून ‘जिम्नॅशियम’ आलंय. म्हणजे आपली तालीम! मराठीत तर सरावालाही तालीम म्हणतात आणि पैलवान घुमतात त्या जागेलाही.

तालमीत कधी गेला असाल तर आठवा. नवा पोरगा समोरच्याचे हात बघत बसतो, आणि आपटतो. जुना पैलवान हात बघतच नाही. समोरच्यानं अंगाचा भार कुठल्या पायावर टाकला, हे त्याला आधीच कळतं. हे त्याला वस्तादानं फळ्यावर लिहून शिकवलेलं नसतं. रोज पहाटे तांबड्या मातीत पडून-उठून ते अंगात मुरलेलं असतं. पत्रात ‘ज्ञान’ नाही, ‘ज्ञानेंद्रिये’ म्हटलंय, ते याचसाठी. वचनं तोंडपाठ असणं वेगळं. मी तर संडे स्कूलच्या पाठांतरात दरवर्षी बक्षीस घ्यायचो. राजीनामा देताना त्यातलं एक वचन कामी आलं नाही.

आणखी एक गैरसमज. कृपादानं, म्हणजे भविष्यवाणी, अन्य भाषा अशी पवित्र आत्म्याची दानं, दिसली की माणूस प्रौढ, असं आपण धरूनच चालतो. करिंथची मंडळी बघा. कुठल्याच कृपादानात ती उणी नव्हती, असं प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात म्हणतो. आणि तिसऱ्या अध्यायात त्यांनाच ‘बाळं’ म्हणतो! का? तर भांडणं. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. (आपल्याकडे कमिटीच्या निवडणुकीत काय होतं, ते मी बोलत नाही. तुम्ही ओळखलंत.)

आता मला आवडणारी आणि दरवेळी अस्वस्थ करणारी गोष्ट. १ राजे, अध्याय १३.

यहूदातून एक देवाचा माणूस बेथेलला येतो. राजा यराबाम वेदीपाशी उभा आहे. हा त्याच्या तोंडावर वेदीविरुद्ध बोलतो. राजा ‘धरा याला’ म्हणून हात उगारतो, तो हात तिथेच वाळतो. मग तोच राजा गयावया करतो, हा प्रार्थना करतो, हात बरा होतो. राजा म्हणतो, घरी चल, काहीतरी खा, तुला बक्षीस देतो. हा म्हणतो, तुझं अर्धं घर दिलंस तरी येणार नाही. देवानं सांगितलंय, इथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही, आल्या वाटेनं परतायचं नाही. काय माणूस! राजाला नाही म्हणाला.

पुढे तो एका झाडाखाली बसलाय. दमला असणार, भूकही असेल. तिथे बेथेलचा एक म्हातारा संदेष्टा गाढवावर बसून त्याला गाठतो आणि म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे. देवदूतानं मला सांगितलंय, तुला घरी नेऊन जेवू घाल. आणि शास्त्र तिथल्या तिथे सांगून टाकतं: तो खोटं बोलला.

राजाच्या बक्षिसाला न भुललेला माणूस या एका वाक्याला भुलला. गेला, जेवला, परतताना वाटेत सिंहानं त्याला मारलं. सिंह आणि गाढव प्रेताशेजारी नुसते उभे राहिले, असं चित्र तिथे आहे.

मी या गोष्टीपाशी वर्षानुवर्षं अडकलोय. राजा परका, म्हणून तिथे तो सावध होता. म्हातारा आपल्यातला, वयानं मोठा, आपलीच भाषा बोलणारा. तिथे त्यानं एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. देवानं मला स्वतःला एक सांगितलं, तुम्ही नेमकं उलटं सांगताय, मग थांबा, मी आधी त्यालाच विचारतो. एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

म्हणून काय सगळ्या भविष्यवाण्या धुडकावायच्या? नाही. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे, सगळ्याची पारख करा. करिंथकरांना तर तो म्हणतो, दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी ते पारखावं. बाकीच्यांनी! म्हणजे बाकावर बसलेल्या तुम्ही-आम्ही. हल्ली मी एवढंच करतो. कुणी निरोप आणला की आभार मानतो, वहीत तारखेसकट लिहून ठेवतो आणि घाई करत नाही. घाई सांगणाऱ्याला जास्त असेल, तर मी आणखी सावकाश होतो.

प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं वाटत असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचण्यासारखा आहे. बाई त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, अडल्या, चर्चच्या अधिकारावर अडल्या. एक जोखड टाकून दुसरं मानेवर घ्यायला तयार नव्हत्या. सिस्टरना हा गर्व वाटला. पण रमाबाई शोधत राहिल्या, आणि पुढे आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला असं त्या सांगतात, ते १८९१ च्या सुमाराचं. बाप्तिस्म्याला तोवर आठ वर्षं झाली होती.

शेवटची वर्षं त्यांनी कशात घालवली? इब्री-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच छपाईचे खिळे जुळवले, बायकांनीच छापलं. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. वचन खेड्यातल्या बाईला स्वतः वाचून कळावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

तसं वाचणारी एक बाई आमच्या घरी आहे. परवा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला: ‘याच महिन्यात तुमची भरभराट, दहा जणांना पाठवा.’ आईला चष्मा सापडेना, म्हणून मी वाचून दाखवला.

“खाली वचन कुठलं दिलंय?”

“यिर्मया २९:११.”

“दहावं वाच.”

वाचलं. बाबेलची, म्हणजे यहूदी लोकांच्या तिथल्या बंदिवासाची, सत्तर वर्षं भरल्यावर, असं आहे तिथे.

“सत्तर वर्षं,” आई सुईत दोरा ओवत म्हणाली. “आणि हा म्हणतो याच महिन्यात.”