किटण काढा, पॉलिश राखा

नमस्कार, श्रोतेहो.

स्वयंपाकघरातल्या जुन्या लाकडी कपाटाच्या दारावरून बोट फिरवून पाहा. ते सरकत नाही, अडकतं. शेगडीच्या शेजारच्या दारावर आणि मुठीच्या आजूबाजूला तर जास्तच. दार कळकट दिसायला लागतं, ओल्या फडक्यानं पुसलं तर किटण निघायच्या ऐवजी नुसतं पसरतं. मग माणूस वैतागतो, काथ्या नाहीतर तारेची घासणी घेतो, घरातलं सगळ्यात जहाल द्रावण ओततो आणि जोर लावतो. दार स्वच्छ होतं खरं, पण किटणाबरोबर पॉलिशही उतरलेलं असतं. ते परत चढवणं हे पुसण्याच्या कितीतरी पट काम आहे.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. तेल तापलं की त्याचे अगदी बारीक कण वर उडतात आणि गार पृष्ठभागावर जाऊन बसतात. तिथे हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि पातळ तेलाचा वर्षानुवर्षांत चिवट थर होतो. त्यात धूळ बसते. आता गंमत बघा, जवसाचं तेल वाळून टणक होतं तेही याच क्रियेनं, आणि त्याच तेलापासून जुन्या काळी वॉर्निश बनायचं. म्हणजे कपाटावरचं किटण आणि त्याखालचं वॉर्निश हे रासायनिकदृष्ट्या भाऊबंदच निघाले! जे जहाल रसायन एकाला तोडतं ते दुसऱ्यालाही सोडत नाही. शिवाय पॉलिशचा सगळा थर मिळून जाडी किती, तर साधारण कागदाएवढी, ०.१ मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा इथे ताकद कामाची नाही. सौम्य द्रावण घ्यायचं, थोडा वेळ द्यायचा आणि तेच पुन्हा करायचं.

आपल्या कपाटाला पॉलिश कोणतं आहे, हे कळलं तर फार बरं. खूप जुनं फर्निचर असेल तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असू शकतं. १९२० च्या दशकापासून नायट्रोसेल्युलोज लॅकर हे दुसऱ्या प्रकारचं पॉलिश वापरात आलं, पॉलियुरेथेन हे प्लास्टिकसारखं पॉलिश त्याच्या बरंच नंतरचं. ओळखायची रीत सोपी आहे. दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीनं स्पिरिटचा एक थेंब लावा. अर्ध्या मिनिटात तो भाग चिकट झाला तर चपडा. नाही झाला तर थोडं बाजूला लॅकर थिनरचा थेंब लावून बघा. त्यानं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन धरून चाला. चपडा निघाला तर फार जपायचं, कारण तो स्पिरिटमध्ये विरघळतोच, पण अमोनिया आणि सोड्यासारख्या अल्कलीतही विरघळतो. काच पुसायच्या फवाऱ्यांमध्ये पुष्कळदा स्पिरिट किंवा अमोनिया असतो. म्हणून तो फवारा लाकडाच्या वाटेला जाऊच देऊ नये.

आता प्रत्यक्ष काम. मुठी आणि कड्या स्क्रू काढून बाजूला ठेवा. पितळेच्या असतील तर त्या वेगळ्या साफ करा, धातूचं पॉलिश लाकडावर ओघळायला नको. आधी कोरड्या मऊ कापडानं धूळ टिपून घ्या, नाहीतर तीच धूळ ओली होऊन चरे पाडते. मग एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. बस, एवढंच! हे लिक्विड तेलाला पाण्यात सोडवून आणतं आणि पॉलिशला सहसा त्रास देत नाही. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की दाबलं तरी थेंब पडू नये. ते किटणावर दोनतीन मिनिटं नुसतं टेकवून ठेवा. थर मऊ होतो, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलक्या हातानं पुसा. लगेच साध्या पाण्यात पिळलेलं दुसरं फडकं आणि लगेच तिसरं, कोरडं. एका वेळी वीतभर जागाच घ्या. नक्षीच्या खाचांत जुना मऊ टूथब्रश चालतो, कोपऱ्यात लाकडी काडीला कापड गुंडाळून फिरवा. धातूचं टोक मात्र नको.

पाण्याबद्दल इतकं बजावून सांगण्याचं कारण आहे. दाराच्या खालच्या कडेला आणि सांध्यांत लाकडाचे तंतू उघडे असतात. पाणी तिथून आत शिरतं, लाकूड फुगतं, व्हिनीअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा असेल तर त्याच्या कडा उचकटतात. जुन्या फर्निचरमधला सरस तर पाण्यानंच सुटतो. वाफेच्या यंत्राला तर अजिबात हात लावू नका.

पुसताना एक नजर फडक्यावर असू द्या, म्हणून ते पांढरंच घ्या. राखाडी, काळपट, ओशट डाग आला तर घाण निघते आहे, चालू द्या. पिवळसर, तांबूस किंवा लाकडाच्या रंगाची चिकट झाक यायला लागली तर थांबा, ते पॉलिश आहे. मुठीभोवती असं हमखास होतं. हाताचं तेल आणि घाम वर्षानुवर्षं लागून तिथलं पॉलिशच मऊ पडलेलं असतं. ते धुऊन निघणार नाही, खरवडलं तर लाकूड उघडं पडेल. तेवढा भाग सुताराकडून किंवा पॉलिशवाल्याकडून पुन्हा करून घ्यावा.

साबणानं न निघणारं किटण कपाटाच्या माथ्यावर आणि शेगडीजवळ उरतंच. त्यासाठी मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे ऑइल पेंट पातळ करायला वापरतात ते. पक्क्या झालेल्या वॉर्निश, लॅकर, चपडा या कशालाच ते सहसा विरघळवत नाही, तेल आणि मेण मात्र सोडवतं. तरी आधी आतल्या बाजूला करून बघाच. मेणाचा किंवा तेलाचा हात दिलेलं लाकूड असेल तर ते मेणही निघेल, ते नंतर पुन्हा लावावं लागेल. खिडक्या उघड्या, शेगडी बंद, जवळपास कसलीही ज्योत नाही, हातात मोजे.

खाण्याच्या सोड्याची पेस्ट बरेच जण सुचवतात. मी सुचवणार नाही. त्याचे कण चकचकीत पॉलिश मारून टाकतात आणि खाचांत पांढरे बसतात. व्हिनेगरनं तेलाचं किटण सुटत नाही, त्याचं नाव उगाच मोठं झालंय. डाग घालवणारा पांढरा स्पंज मऊ लागतो, पण काम करतो बारीक पॉलिशपेपरचं. तारेच्या घासणीचे लोखंडी कण लाकडात अडकले आणि ओल लागली की काळे डाग पडतात, ते मग सहजासहजी जात नाहीत. कपाट जुन्या रंगानं रंगवलेलं असेल तर ते कोरडं घासूच नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

सगळं झालं की दारं रात्रभर उघडी ठेवा. पूर्ण वाळल्यावर हवं तर मेणाच्या पॉलिशचा अगदी पातळ हात द्या आणि कोरड्या कापडानं चमकवा. सिलिकॉन असलेली चकाकी आणणारी फवारणी टाळा, पुढे कधी पॉलिश करायची वेळ आली तर नवा थर नीट बसत नाही, खळगे पडतात. आणि टर्पेंटाइनची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. ती बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा. जवसाचं तेल लावायला वापरलेल्या फडक्यांबाबत तर याहून जास्त सांभाळा, ती गुंडाळून ठेवली तर आपोआप तापतात आणि पेटतातही. ती पाण्यात भिजवून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि मगच टाका.

नमस्कार.