कागद निवडू नका, वाटू नका
(बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

लेखक गेला की तेराव्यानंतर घरात एक बैठक बसते. पुस्तकांचं पटकन ठरतं, वाचनालयाला द्यायची. कपाट कुणी न्यायचं तेही ठरतं. मग माळ्यावरची ट्रंक खाली येते. झाकण उघडल्यावर सगळे दोन पावलं मागे सरतात, आणि घरातलं सगळ्यांत शहाणं माणूस पुढे होऊन म्हणतं, "थांबा, यातलं कामाचं काय ते मी निवडून ठेवतो." वाळवीला मी भितो, पण या शहाण्या माणसाला त्याहून जास्त भितो.

तो काय ठेवतो बघा. पुरस्काराची पत्रं, मंत्र्यांबरोबरचे फोटो, छापून आलेल्या लेखांची कात्रणं, सुवाच्य अक्षरातली पक्की प्रत. रद्दीत काय जातं? खाडाखोडीची कच्ची पानं, संपादकांच्या 'साभार परत'च्या चिठ्ठ्या, प्रकाशकाशी झालेल्या हिशेबाचे कागद, कुणीतरी खरमरीत शिव्या घातलेलं कार्ड, आणि ज्यात दूध-पेपरची बिलंच लिहिलीत अशा डायऱ्या. आता अभ्यासकाच्या बाजूनं बघा. छापलेलं त्याला ग्रंथालयात मिळतंच की. त्याला हवं असतं ते नेमकं दुसऱ्या ढिगातलं, आणि तो ढीग किलोवर गेलेला असतो.

खानापूरकडच्या एका शिक्षक-लेखकाची पेटी आमच्या हाती आली ती सुदैवानं कुणी न निवडलेली. कथेचे कच्चे खर्डे शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या बाजूला. पुढच्या बाजूला पोरांची नावं, मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि गैरहजेरीच्या खुणा. पावसाळ्याच्या पानांवर खुणाच खुणा, कारण लावणीला पोरं शेतात. कथेत एक मुलगा शाळा सोडतो. त्या मुलाचं नाव पान उलटलं की सापडतं, आणि कथेत तो शाळा सोडतो त्याच महिन्यात हजेरीपटावरही त्याच्या नावापुढची ओळ रिकामी होत जाते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. शहाण्या माणसानं कथेची पक्की प्रत ठेवून हे फेकलं असतं, आणि त्याला कुणी दोषही दिला नसता.

म्हणून अभिलेखागाराचा, म्हणजे असे मूळ कागद जपणाऱ्या जागेचा, पहिला नियम असा, की कागद ज्या क्रमानं लेखकानं ठेवले तो क्रम मोडायचा नाही. कुणाचं पत्र कुठल्या वहीत खुपसलेलं होतं, बसचं तिकीट कुठल्या पानावर खूण म्हणून होतं, याला अर्थ असतो. आपल्याकडचे बरेच उत्साही लोक आधी सगळं तारखेवार लावतात. ग्रंथालयातल्या माणसाला तर हात शिवशिवतात, कारण त्याचं सगळं शिक्षण विषयवार लावण्याचं. पुस्तकाला ते चालतं. कागदांच्या गठ्ठ्याला नाही. त्याच कारणानं दोन लेखकांचे कागद एका विषयाखाली कधी मिसळायचे नाहीत.

आता आपल्या मुलखाचा खास प्रश्न. इथल्या लिहित्या माणसाचे कागद एका भाषेत नसतात. आजोबांची पत्रं मोडी लिपीत, वडिलांची बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, नोकरीचे हुकूम आधी इंग्रजीत आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हळूहळू कन्नडमध्ये, सातबाऱ्याचा उतारा कन्नडमध्ये, कविता मराठीत, आणि समासात केलेली शेरेबाजी मनाला येईल त्या भाषेत. हे विद्यापीठात गेलं की काय होतं? मराठी विभाग मराठी उचलतो, कन्नड विभाग कन्नड, मोडी इतिहासवाल्यांकडे, इंग्रजी कार्यालयीन म्हणून बाजूला. एका माणसाचे चार तुकडे. सीमाभागाची वाटणी व्हायची ती झाली; निदान माणसाची पेटी तरी वाटू नका, एवढंच माझं मागणं आहे.

संशोधक शं. बा. जोशी आठवा. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. घरची भाषा मराठी, संशोधनाची मुख्य भाषा कन्नड, आणि मराठी संस्कृतीवर मराठीतही पुस्तक. धारवाडचे द. रा. बेंद्रे तसेच, कन्नडला ज्ञानपीठ मिळवून देणारा कवी, घरात मराठी, मराठीत लेखनही केलेलं. अशा माणसाची टिपणवही कुठल्या भाषेच्या कपाटात ठेवणार? ज्याला दोन्ही वाचता येतात असा एक नोंदणीकार नेमणं हा यावरचा उपाय आहे, आणि तसा माणूस जगात कुठे सहज मिळत असेल तर तो बेळगाव, निपाणी, धारवाडातच. पुण्याला जाहिरात देऊन मिळायचा नाही.

यावरून दुसरा, जरा नाजूक विषय. बरेच जण मला म्हणतात, आमच्या वडिलांचे कागद कर्नाटकातल्या विद्यापीठाला कशाला द्यायचे, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला देतो. भावना मी समजू शकतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठानं वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय केलं आहे आणि ते बघण्यासारखं आहे, जरूर जाऊन या. पण खांडेकरांना ओळखायला महाराष्ट्रभर माणसं आहेत. तुमच्या वडिलांच्या पत्रातला 'गल्लीतला तात्या' कोण, 'मिलमधली भानगड' कुठली, हे सांगणारी माणसं इथंच आहेत, आणि तीही अजून दहा-पंधरा वर्षंच असतील. आपलं बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे. मूळ कागद इथं, स्कॅन केलेली प्रत कोल्हापूरला, अशी सोय करता येते. आणि विद्यापीठाला कागद देणं म्हणजे सरकारला शरण जाणं नव्हे. दानपत्रात अटी घालता येतात.

अटींवर जरा थांबतो, कारण घरच्या लोकांची भीती तिथंच असते. त्यात आईविषयी लिहिलेलं असतं, भावाच्या दारूविषयी असतं, अजून हयात असलेल्या माणसांविषयी असतं. अमुक गठ्ठा अमुक वर्षं बंद, असं लिहून देता येतं, आणि जबाबदार संस्था ते पाळते. जाळण्यापेक्षा बंद ठेवणं केव्हाही बरं. कायदाही समजून घ्या. तुम्हाला आलेलं पत्र, तो कागद, तुमचा. त्यातला मजकूर छापायचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. तेव्हा कागद देताना हक्कही देताय का, फक्त सांभाळायला देताय, हे स्वच्छ लिहा. इथं मोघम राहिलं की पुढची पिढी कोर्टात भेटते.

पत्रांचा आणखी एक स्वभाव आहे. लेखकाच्या घरात त्याला आलेली पत्रं मिळतात, त्यानं लिहिलेली मिळत नाहीत. ती गावोगावी पांगलेली. जी. ए. कुलकर्णी आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. माणसांत फारसे न मिसळणारे म्हणून प्रसिद्ध. १९८७ साली ते गेले आणि नंतर त्यांच्या पत्रांचे खंड निघाले. ते निघू शकले ते ज्यांना पत्रं आली त्यांनी ती जपली म्हणून. म्हणजे अभिलेखागाराला लेखकाच्याच नव्हे, त्याच्या मित्रांच्या, प्रकाशकाच्या, विद्यार्थ्याच्या दारातही जावं लागतं. तुम्ही स्वतः लेखक नसाल, तरी तुमच्या कपाटात कुणाची तरी पत्रं असतील.

आणि काही वेळा एका माणसाचे कागद असा प्रकारच नसतो. इंदिरा संत इथं बेळगावात राहिल्या, शिकवलं, २००० साली गेल्या. पती ना. मा. संत कवी, दोघांचा मिळून संग्रह १९४० साली आला, आणि १९४६ साली ना. मा. गेले. मुलगा प्रकाश नारायण संत, कराडला भूगर्भशास्त्र शिकवणारे, तेही मोठे कथाकार. अशा घरातली वही कुणाच्या नावावर चढवणार? मी म्हणतो, घराच्या नावावर चढवा. आपण फार लवकर 'थोर व्यक्ती' शोधायला लागतो.

थोरवीचंच बोलायचं तर, कडोली, उचगाव अशा आपल्या गावांतून जी मराठी साहित्य संमेलनं होतात, त्यांचे कागद कुणी गोळा केलेत? निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, मांडवाचं बिल, परवानगीसाठी केलेले अर्ज, अध्यक्षांच्या भाषणाची सायक्लोस्टाइल प्रत. एखाद्या गावानं स्वतःच्या खिशातून संमेलन भरवणं ही वाङ्मयाच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही. पण चिटणीस बदलला की फाइल जुन्या चिटणीसाच्या घरी राहते, आणि ते घर बांधायला काढलं की संपली.

जतनाचं थोडक्यात सांगतो. आपला पाऊस तुम्हाला सांगायला नको. खानापूरकडे तर आषाढात भिंतीला हात लावला तरी पाणी. बुरशीला दमट हवा पुरते, कसरीला काळोख आणि शांतता. तेव्हा पेटी जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तर मुळीच नको. आतली ओल आतच राहते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हळूच काढा, गंजून कागद खातात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणारा हात धरावा. काही वर्षांत टेप पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि अक्षर घेऊन जातो. फाउंटन पेनची शाई पाण्यानं पसरते, म्हणून ओल्या फडक्यानं धूळ पुसू नका, मऊ कोरडा ब्रश घ्या. वर्तमानपत्राचं कात्रण हस्तलिखिताला चिकटून ठेवू नका, त्यातलं आम्ल शेजारच्या कागदाला तपकिरी करतं. मध्ये आम्लमुक्त कागद घाला. आणि लॅमिनेशन! कौतुकानं आजोबांचं पत्र लॅमिनेट करून आणणारे भेटतात. प्लॅस्टिक वितळून कागदात शिरलेलं पुन्हा सोडवता येत नाही. त्यापेक्षा डब्यात राहिलेलं बरं होतं.

विद्यापीठांनाही दोन शब्द. समारंभ करून पेट्या घ्यायच्या, फोटो काढायचा आणि त्या जिन्याखाली ठेवायच्या, असं एका संस्थेत मी पाहिलं आहे. दाखल नोंद नाही, यादी नाही. देणाऱ्याची मुलगी पाच वर्षांनी एक वही बघायला आली, तर कुठली पेटी कुणाची हे कुणाला सांगता येईना. खरं तर पहिल्या दिवशी पेटीगणिक चार ओळींची यादी पुरते: कुणाचे, कुठून आले, साधारण कुठल्या वर्षांतले, कुठल्या भाषांतले. पानापानाचं स्कॅनिंग नंतर. आपल्याकडे उलटं होतं. स्कॅनरला अनुदान मिळतं, यादी करणाऱ्या माणसाचा पगार मिळत नाही.

शेवटी एक घाईचं काम. कागद निदान वाट बघतो. गेल्या तीसेक वर्षांतलं आपलं पुष्कळ लेखन डीटीपीवाल्याच्या संगणकावर आहे, तेही युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच दिसते त्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत, श्रीलिपी म्हणा, आयएसएम म्हणा. ती फाइल आज उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर गेलेला नसतो. तो फॉन्ट हाताशी असेल तर परत मिळतो. ज्या दुकानात तुमच्या वडिलांचं पुस्तक टाइप झालं, तिथं याच आठवड्यात जा. मालकानं जुनी मशीन भंगारात घातली नसेल तर हार्डडिस्क मागा, आणि त्याच्या ड्रॉवरमध्ये फॉन्टची सीडी पडली असेल तर तीही बरोबर घेऊन या.