तुझी प्रगती सर्वांना दिसू दे : तरुण बॅप्टिस्ट पाळकांशी बोललेलं

सर्वांना सलाम. मला विषय दिलाय नेतृत्व, संदेश आणि प्रार्थना, या तिन्हींत तरुण पाळकानं कसं वाढावं. पत्रिकेवर तीन वेगळे शब्द छापलेत पण मला जे सांगायचंय ते खरं तर एकच आहे, की जी माणसं देवानं तुमच्या हाती दिलीत त्यांची नावं घेऊन तुम्ही रोज गुडघे टेकता की नाही, त्यावर तुमचा संदेश ठरतो, आणि मग त्या संदेशावरून लोक ठरवतात की या पोराच्या मागे जायचं का.

पोराच्या म्हणालो कारण लोक तसंच म्हणतात. इंदूरात तुम्ही नवीन आलात, सेमिनरीतून म्हणजे पाळकांच्या कॉलेजातून डिग्री घेऊन आलात, मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मत देऊन तुम्हाला बोलावलं, सगळं झालं, तरी मागच्या बाकावरचे काका बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना म्हणणारच की बोलतो चांगलं, पण पोरगाच आहे अजून. याचं वाईट वाटून घेऊ नका. आपण बॅप्टिस्ट लोक, आपल्याकडे वरून बिशप ऑर्डर काढत नाही, बदली करत नाही, पाठीशी उभं राहायला कुणी साहेब नसतो. मंडळी बोलावते आणि मंडळीच निरोपही देऊ शकते. म्हणून पहिल्या दिवशी तुमच्या हातात चर्चची किल्ली येते, माईक येतो, खुर्ची येते, पण विश्वास येत नाही, तो कमवायला वर्षं जातात आणि जाऊ द्यावीत.

बायबलात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो ना, कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये. ते वचन आपण यूथ मीटिंगला भिंतीवर लावतो आणि तिथेच थांबतो. पुढे वाचा. तीमथ्य जिथे सेवा करत होता त्या इफिसच्या मंडळीला पौल असं सांगत नाही की या पोराचा मान ठेवा. तो तीमथ्यालाच काम लावतो, बोलण्यात, वागण्यात, प्रेमात, विश्वासात, शुद्धतेत कित्ता हो. या पाचांत स्टेजवरचं काहीच नाही बघा, आवाज नाही, गाणं नाही, गर्दी नाही. आणि तीनच वचनं पुढे म्हणतो की तुझी प्रगती सर्वांना दिसून यावी. मला हे वचन फार धीर देतं. प्रगती दिसावी म्हणजे काल जेवढं येत होतं त्यापेक्षा आज जास्त येतंय हे लोकांनी बघायचंय, म्हणजे तुम्ही आल्या आल्या पूर्ण असावं अशी अपेक्षा प्रभूचीही नाही.

आता प्रार्थनेकडे येतो, कारण बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात प्रेषितांनी हाच क्रम लावलाय, आधी प्रार्थना आणि मग वचनाची सेवा.

१७८४ मध्ये इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायर भागातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची सभा भरली. छोट्या छोट्या मंडळ्या, गावातल्या, पाळकही गरीब. तिथे जॉन सटक्लिफ नावाच्या पाळकानं सुचवलं की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सगळ्या मंडळ्यांनी एक तास प्रार्थना करायची, आणि ती फक्त आपल्यासाठी नाही, दुसऱ्या मंडळ्यांसाठी, दूरच्या देशांसाठी सुद्धा. बस, एवढंच. ना फंड, ना ऑफिस. आठ वर्षं हे चाललं, आणि मग २ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंगमध्ये एका घरात थोडे पाळक बसले आणि बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी सुरू झाली. त्यांच्यातल्याच अँड्र्यू फुलर या पाळकाच्या तपकिरीच्या डबीत देणग्यांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. पुढच्याच वर्षी सोसायटीचा मिशनरी विल्यम केरी बंगालात उतरला. तिथे ख्रिस्ती झालेला पहिला माणूस, कृष्ण पाल, त्याचा बाप्तिस्मा व्हायला १८०० चा डिसेंबर उजाडला, म्हणजे सात वर्षं गेली. आणि केरीनं काय केलं त्या देशात? भाषा शिकला. आपली पण शिकला, १८०५ मध्ये त्यानं मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश, आणि या कामात वैजनाथ पंडितांची त्याला मोठी मदत होती. एक बूट शिवणारा माणूस, बंगालात बसून, तुमच्या-माझ्या आजीच्या भाषेचे शब्द गोळा करत होता. त्याच्यामागे कुठल्यातरी खेड्यातल्या सोमवारच्या प्रार्थना आहेत हे मी कधी विसरू शकत नाही.

तर तुमचं काय. एक साधी वही घ्या, दोनशे पानी, मोबाईलची नोट नको कारण मोबाईल उघडला की व्हॉट्सअॅप उघडतं. एकेका घराला एक पान. घरातल्या प्रत्येकाचं नाव, मुलांचंही, कोण काय करतं, कोण आजारी, कुणाचं लग्न जमत नाहीये, कुणाचा पोरगा भंवरकुआला क्लास लावून बसलाय, कोण पिथमपूरला कंपनीत नाइट शिफ्टला जातं. रोज पाच पानं, त्या माणसांची नावं मोठ्यानं घेऊन. "प्रभु सर्वांना आशीर्वाद दे" ही प्रार्थना चुकीची नाही पण तिच्यात तुम्ही कुणाकडेच बघत नाही. आणि वहीतलं बाहेर कुणाला बोलायचं नाही, बायकोलाही नाही, हे आत्ताच ठरवून टाका.

आता संदेश. एक उदाहरण देतो, आपल्या इंदूरचंच. हुकुमचंद मिल, कापडाची गिरणी, १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. हजारो कामगार, त्यांचे देणे थकले, केस कोर्टात, आणि पैसे वाटपाचा कार्यक्रम झाला २५ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी. मध्ये बत्तीस वर्षं. कितीतरी कामगार तोपर्यंत प्रभूकडे गेले होते. परदेशीपुऱ्याकडे एका घरी मी जायचो, तिथले बाबा मिलमध्ये होते. मी बसलो की ते आतून एक प्लास्टिकची पिशवी आणायचे, तिच्यात मिलचं ओळखपत्र, युनियनच्या पावत्या, कुठल्या कुठल्या अर्जांच्या झेरॉक्स, घडीवर फाटलेल्या, आणि ती पिशवी बायबलशेजारी चटईवर ठेवायचे आणि म्हणायचे पास्टरसाहेब, यावर पण हात ठेवा. मी ठेवायचो. प्रत्येक भेटीला. बाबा गेले, मग ती पिशवी आजींनी सांभाळली, शेवटी फॉर्म त्यांनीच भरला.

आता मला सांगा, स्तोत्र ४० घेऊन, मी धीर धरून परमेश्वराची वाट पाहिली, यावर तुम्ही रविवारी उभे राहिलात आणि समोर तिसऱ्या रांगेत ती आजी बसलीय. तुम्ही म्हणाल का तिला, की विश्वासानं मागा, या महिन्यात मिळेल? जीभच उचलणार नाही. तुम्हाला ते स्तोत्र परत वाचावं लागेल, दहा वेळा वाचावं लागेल, आणि मग दिसेल की दावीद त्याच स्तोत्राच्या शेवटीही मागतोच आहे, हे माझ्या देवा, विलंब लावू नको. म्हणजे स्तोत्राच्या सुरुवातीला ज्याला देवानं चिखलातून बाहेर काढलं तो परत वाट बघतोय. हे मला कुठल्या टीकाग्रंथातून नाही सापडलं, त्या पिशवीमुळे सापडलं. आणि तो संदेश त्या आजीला समजला म्हणून सगळ्यांना समजला, कॉलेजच्या पोरांनाही.

म्हणून मी यूट्यूबवरच्या संदेशांबद्दल जरा कडक बोलतो. ऐका, शिका, पण तिथला आवाज, तिथले हातवारे, तिथला "हालेलुया बोला" उचलून आपल्या साठ माणसांच्या मंडळीत आणू नका. आता तर मोबाईलला विचारलं की तीन मुद्द्यांचा तयार संदेश मिळतो, स्वच्छ मिळतो, पण त्याला त्या आजीचं नाव माहीत नाही. अमेरिकेत जॉन ब्रॉडस नावाचे बॅप्टिस्ट शिक्षक होते, यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये सेमिनरी परत उघडली तेव्हा संदेश कसा द्यावा या त्यांच्या वर्गात एकच विद्यार्थी आला, तो पण आंधळा. त्याला पुस्तकं वाचता येणार नाहीत म्हणून ब्रॉडसनी प्रत्येक लेक्चर पूर्ण तयार करून त्या एकट्यासाठी दिलं. तीच लेक्चर्स वाढवून १८७० मध्ये पुस्तक झालं आणि कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. एका माणसासाठी इतकी तयारी जो करतो त्याच्या संदेशात जीव असतो, मी तर असंच मानतो.

भाषेचं थोडक्यात सांगतो. आपल्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, उपासना कुठे हिंदीत कुठे दोन्हीत, त्याचा बाऊ करू नका. पण आजारी माणसाच्या उशाशी त्याच्या आईच्या भाषेत वाचा. वेळ अर्धा तास पुरे. तयारी मात्र सोमवारपासून, शनिवारी रात्री नाही. लोक मला सांगतात की लंडनचे नावाजलेले बॅप्टिस्ट पाळक स्पर्जन रविवार सकाळचा संदेश शनिवारी संध्याकाळी तयार करायचे, हो करायचे, पण ते आठवडाभर वाचत असायचे ते कुणी सांगत नाही.

स्पर्जनवरून आठवलं, त्यांच्याबद्दल एक गोष्ट तरुणांना सांगायलाच हवी. सतराव्या वर्षी वॉटरबीच नावाच्या गावात पाळक, १८५४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी लंडनला, आणि मग गर्दीच गर्दी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण १९ ऑक्टोबर १८५६ च्या रात्री सरे गार्डन्सच्या हॉलमध्ये हजारो लोक बसलेले असताना कुणीतरी आग लागली अशी खोटी ओरड केली, पळापळ झाली आणि सात माणसं चेंगरून मेली. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. इतके खचले की त्यांना तिथून दूर न्यावं लागलं. थोड्या दिवसांनी परत पुलपिटवर आले, पण उदासीनं त्यांना जन्मभर सोडलं नाही आणि हे ते स्वतःच्या विद्यार्थ्यांपुढे उघडपणे बोलायचे. तुमच्यापैकी कुणाला रविवारी रात्री घरी गेल्यावर रडू येत असेल, सोमवारी उठावंसं वाटत नसेल, तर तो अविश्वास आहे असं स्वतःला सांगू नका. झोप घ्या, कुणाशी तरी बोला, लागलं तर डॉक्टरकडे जा. बायबलातला संदेष्टा एलीया असाच खचला होता, त्याला रतामाच्या झुडपाखाली देवानं आधी झोपू दिलं, भाकर दिली, आणि मग बोलला.

नेतृत्व. मार्टिन लूथर किंग हे बॅप्टिस्ट पाळक होते हे आपण विसरतो, त्यांना पुढारीच समजतो. १९५४ मध्ये ते अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या डेक्स्टर अॅव्हेन्यू चर्चला आले. ५ डिसेंबर १९५५ ला, बसमध्ये काळ्या लोकांना वेगळं बसवायचे त्याविरुद्धच्या बस बहिष्काराच्या कामासाठी त्यांना अध्यक्ष केलं, वय सव्वीस, आणि निवडायचं एक कारण हेही होतं की गावात नवे होते, कुणाशी वाकडं नव्हतं. त्याच संध्याकाळी भाषण. एरवी एका संदेशाला पंधरा तास लावणारा माणूस, त्या दिवशी हातात वीसेक मिनिटं. ते घाबरले, आणि मग त्यांनी प्रार्थना केली. पुढे २७ जानेवारी १९५६ ला रात्री उशिरा धमकीचा फोन आला, बायको आणि तान्ही मुलगी आत झोपलेली, आणि हे स्वयंपाकघरात कॉफीचा कप पुढे घेऊन मोठ्यानं देवाला म्हणाले की मी आता दुबळा पडतोय. तिथे त्यांना बळ मिळालं. तीनच दिवसांनी घरावर बॉम्ब पडला आणि बाहेर संतापलेला जमाव जमला तर त्यांनी लोकांना हत्यारं घरी न्यायला सांगितलं. हे शब्द त्या क्षणी सुचत नाहीत हो, आधी रात्री कुठेतरी गुडघ्यावर मिळालेले असतात.

तुमच्यावर बॉम्ब पडणार नाही. तुमची भांडणं पंख्याच्या जागेवरून होतील, क्वायरच्या साडीवरून, नाताळच्या जेवणाच्या हिशेबावरून. पहिलं वर्ष काहीच बदलू नका. बायबलातला नहेम्या पडलेला तट बांधायला यरुशलेमेला पोचला तर आधी रात्री थोडी माणसं घेऊन गुपचूप तट फिरून बघितला आणि मगच लोकांपुढे तोंड उघडलं. पैशाला हात लावू नका, दानपेटी दोघांनी मोजावी, रजिस्टरमध्ये लिहून दोघांनी सही करावी, आणि वर्षाचा हिशेब मंडळीपुढे वाचला जावा. बाई घरी एकटी असेल तिथे एकट्यानं गृहभेटीला जाऊ नका, डिकनला, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या सेवकाला, किंवा बायकोला सोबत न्या. डिकनांच्या मीटिंगला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. आणि कृत्यांच्या त्याच सहाव्या अध्यायात विधवांच्या जेवणाचा वाद झाला तेव्हा बारा प्रेषितांनी स्वतः माणसं निवडली नाहीत, मंडळीला म्हणाले तुम्ही निवडा. आपली बॅप्टिस्ट रीत तिथूनच आलीय, तर मत घ्यायला घाबरू नका, हरलात तरी.

शेवटचं, प्रार्थनासभेचं, कारण सकाळी दोघातिघांनी तेच विचारलं की बुधवारी चारच लोक येतात, बंद करू का. बंद करू नका. साडेसात म्हणजे साडेसातला सुरू करा, पावणेआठची वाट बघू नका, जे वेळेवर आले त्यांचा तो अपमान आहे. गाणं एकच. तुमचा छोटा संदेश नको, रविवारी दिलाय ना. वहीतली घरं त्या चौघांत वाटा, अर्थात खासगी गोष्टी सोडून फक्त नावं, आणि प्रत्येकानं आपल्या वाट्याच्या घरासाठी प्रार्थना करायची. तुमचं स्वतःचं घरही कुणाच्या तरी वाट्याला जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्या घरांना फोन करून सांगा की काल तुमच्यासाठी प्रार्थना झाली, आणि काय चाललंय ते विचारून घ्या. आता चहा आहे, चहानंतर वह्या आणल्या असतील त्यांनी पुढे येऊन बसा, पहिली पानं आपण इथेच भरू.